डीबगरच्या इन्स्ट्रक्शन-मोड सेटिंगबद्दल मॅन्युअलमध्ये नेमके काय लिहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीत वापरायचा डीबगर (चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावण्याचे साधन) जीडीबी या प्रसिद्ध डीबगरवर बेतलेला आहे आणि त्याचे मॅन्युअल लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. आर्म प्रोसेसरसाठी त्यात 'फोर्स-मोड' आणि 'फॉलबॅक-मोड' अशा दोन सेटिंग आहेत. दोन्हींची मूल्ये तीच तीन: आर्म, थंब आणि ऑटो. आर्म आणि थंब हे या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन लिहिण्याचे दोन प्रकार, म्हणजे मोड. तुम्ही प्रत्येकीवर दोन ओळी लिहिल्या. वरिष्ठांना त्या पुरेशा वाटतात, पण वापरणारे अजूनही विचारत राहतात की या दोघींत फरक काय आणि कुठली कधी लावायची. तर आणखी लिहायचे काय?

तुमच्या ओळींत चूक काही नाही. त्या मूल्ये सांगतात. वापरणाऱ्याला मात्र हे हवे असते की अमुक पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन कोणत्या मोडची आहे, हे डीबगर कोणाला विचारून ठरवतो, आणि मी सेटिंग बदलली तर त्या विचारण्याच्या रांगेत माझा नंबर कितवा लागतो. हा क्रम लिहिलात की दोन सेटिंगमधला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. क्रम न लिहिता कितीही ओळी वाढवल्या तरी प्रश्न थांबणार नाहीत.

अंदाज बांधावाच का लागतो, हे आधी एका परिच्छेदात सांगून टाका. थंब इन्स्ट्रक्शन १९९४ साली आर्म७टीडीएमआय या कोअरबरोबर आल्या; नावातला 'टी' त्यांचाच. ३२ बिटांऐवजी १६ बिटांत इन्स्ट्रक्शन बसवून मेमरी वाचवायची, हा हेतू. चालू मोड कोणता हे प्रोसेसर सीपीएसआर या स्थिती-रजिस्टरच्या ५ क्रमांकाच्या बिटात, म्हणजे टी-बिटात, ठेवतो. 'बीएक्स' इन्स्ट्रक्शनने उडी मारताना पत्त्याचा शेवटचा बिट १ असेल तर थंब, ० असेल तर आर्म. मेमरीतल्या बाइटवर मात्र कसलीच खूण नसते. मोड हा प्रोसेसरचा गुण आहे, बाइटचा नाही. प्रोसेसर आत्ता जिथे थांबला आहे तिथला मोड डीबगरला रजिस्टरमध्ये दिसतो. बाकी सगळ्या पत्त्यांबाबत त्याला अंदाजच करावा लागतो.

आता क्रम. जीडीबीचा आर्मसाठीचा सोर्स उघडलात तर हा निर्णय एकाच छोट्या फंक्शनमध्ये सापडतो, आणि माझ्या मते तुमच्या मॅन्युअलचे ते पान म्हणजे त्या फंक्शनचे मराठी वाचन असावे. पत्त्याचा शेवटचा बिट १ असेल तर थंब, पुढे काही बघायचे नाही. तसे नसेल तर फोर्स-मोड पाहायचा. तिथे आर्म किंवा थंब लिहिलेले असेल तर तेच अंतिम. तिथे ऑटो असेल आणि प्रोसेसर एम-प्रोफाइलचा, म्हणजे कॉर्टेक्स-एम घराण्यातला असेल, तर थंबच, कारण त्याला दुसरे काही येत नाही. त्यानंतर ईएलएफ फाइलमधली, म्हणजे बांधलेल्या प्रोग्रामच्या फाइलमधली, मॅपिंग सिम्बॉल (पत्त्यांना दिलेली खुणेची नावे) येतात: डॉलर-ए म्हणजे इथून पुढे आर्म, डॉलर-टी म्हणजे थंब, डॉलर-डी म्हणजे डेटा. तीही नसतील तर त्या पत्त्यावरच्या फंक्शनच्या सिम्बॉलवर थंबची खूण आहे का, ते बघितले जाते. सिम्बॉलच नसेल, तर आणि तरच, फॉलबॅक-मोडची पाळी येते. तोही ऑटो असेल आणि प्रोग्राम चालू असेल तर टी-बिट वाचला जातो. प्रोग्रामच चालू नसेल तर आर्म धरून चालायचे.

एवढे वाचल्यावर वापरणाऱ्याचा निम्मा गोंधळ संपतो. फोर्स सिम्बॉलच्या वर बसते, फॉलबॅक सिम्बॉलच्या खाली. सिम्बॉल खोटे बोलत असतील तर पहिली, सिम्बॉल नसतीलच तर दुसरी.

पण या क्रमात दोन खाचखळगे आहेत आणि ते वेगळे लिहायलाच हवेत. पहिला असा की फोर्स-मोड नाव कितीही दमदार असले तरी विषम पत्त्यापुढे त्याचे चालत नाही. फोर्स-मोड आर्म ठेवून हेक्स (१६ च्या पायातल्या) ८००१ या पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन मागितलीत तर उत्तर थंबमध्येच येईल. जीडीबीच्या मॅन्युअलमध्ये फोर्स-मोडच्या नोंदीत एवढे आहे की ही आज्ञा सिम्बॉल टेबलाला बाजूला सारते. शेवटच्या बिटाचा उल्लेख तिथे नाही. तुम्ही तो करा. जाणकार लोक ही गोष्ट सोय म्हणूनही वापरतात: सेटिंगला हात न लावता एकाच जागेचा कोड थंबमध्ये बघायचा असेल तर पत्त्यात एक मिळवायचा.

दुसरा खळगा फॉलबॅकच्या 'ऑटो'मध्ये आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. ऑटो म्हणजे डीबगर कोड पाहून ओळखेल, असे वाचणाऱ्याला वाटते. तो कोड पाहतच नाही. तो पाहतो प्रोसेसरचा या क्षणीचा टी-बिट, आणि तोच तुम्ही विचारलेल्या पत्त्याला लावतो, मग तो पत्ता कुठलाही असो. समजा प्रोग्राम आर्ममधल्या फंक्शनमध्ये थांबला आहे आणि तुम्ही सिम्बॉल काढून टाकलेल्या, पूर्ण थंबमध्ये बांधलेल्या लायब्ररीतला पत्ता उलगडून (डिसअसेम्बल करून) मागितला. डीबगर तो आर्म म्हणून वाचेल. तीच आज्ञा लायब्ररीत शिरून थांबल्यावर दिली तर नीट उत्तर मिळेल. वापरणाऱ्याला वाटते डीबगर लहरी आहे. आणि सिम्बॉल नसलेली तीच फाइल प्रोग्राम न चालवता नुसती उघडली, तर वाचायला टी-बिटही नाही; सगळे आर्म.

चुकीच्या मोडमध्ये वाचलेला कोड ओळखायचा कसा, हे मॅन्युअलमध्ये क्वचितच असते. खरे तर वाचक ते पान उघडतो तेच डोळ्यांसमोर कचरा दिसतो म्हणून. तेव्हा लक्षणे लिहा. थंब कोड आर्म म्हणून वाचला की इन्स्ट्रक्शनच्या शेपटीला 'एमआय' आणि 'एलटी' या अटी जागोजागी लागलेल्या दिसतात. कारण सरळ आहे: आर्ममध्ये वरचे चार बिट अट सांगतात, आणि थंबमधल्या नेहमीच्या इन्स्ट्रक्शन, जसे 'बीएक्स एलआर' (हेक्स ४७७०), ४ ने सुरू होतात, तर पुश आणि पॉप बी ने. ४ म्हणजे एमआय, बी म्हणजे एलटी. माणसाने किंवा कंपायलरने लिहिलेल्या आर्म कोडमध्ये ओळीने एवढ्या अटी नसतात. तिथे बहुतेक इन्स्ट्रक्शन बिनशर्त, म्हणजे ई ने सुरू होणाऱ्या. उलट बाजूला, आर्म कोड थंब म्हणून वाचला की तोच ई दर दुसऱ्या अर्ध्या शब्दाच्या डोक्यावर येतो आणि थंबमध्ये त्याचा अर्थ बऱ्याचदा बिनशर्त उडी असा होतो. म्हणून एकाआड एक ओळीत भलत्याच पत्त्यांवर उड्या दिसल्या तर मोड उलटा आहे. या चार ओळी सपोर्टचे किती फोन वाचवतात ते लिहून बघा.

यापुढचा भाग बहुतेक लेखक गाळतात: या निर्णयाचा वापर कोण कोण करते? मॅन्युअल वाचून असे वाटते की ही सेटिंग फक्त दिसण्यापुरती आहे; चुकली तर पडद्यावर कचरा दिसेल, बदलून पुन्हा बघू. पण ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवण्यासाठी कोडमध्ये घातलेली इन्स्ट्रक्शन, कोणता घालायचा हेही डीबगर याच फंक्शनला विचारून ठरवतो, आणि तिथली चूक मेमरीत लिहिली जाते.

लिनक्सवर आर्म मोडसाठी जीडीबी हेक्स ई७एफ००१एफ० हा चार बाइटचा शब्द घालतो, थंबसाठी सहसा डीई०१ हा दोन बाइटचा. समजा कोड थंब आहे आणि फॉलबॅकने आर्म ठरवले. लिटल-एंडियन (खालचा बाइट आधी ठेवणाऱ्या) मेमरीत त्या चार बाइटचे दोन थंब इन्स्ट्रक्शनमध्ये तुकडे होतात: ०१एफ० आणि ई७एफ०. पहिली आहे आर६ सात बिट डावीकडे सरकवून आर० मध्ये ठेवणारी शिफ्ट. दुसरी आहे मागे जाणारी उडी. हिशेब मांडला तर ती ब्रेकपॉइंटच्या पत्त्यापासून २६ बाइट मागे जाते. म्हणजे प्रोग्राम थांबत तर नाहीच. आर० चे मूल्य जाते, फ्लॅग बदलतात आणि तोच कोड पुन्हा चालायला लागतो. वापरणारा 'ब्रेकपॉइंट लागत नाही, प्रोग्राम लटकतो' अशी तक्रार नोंदवतो आणि त्या तक्रारीत मोडचा उल्लेखही नसतो.

उलट चूक आणखी वाईट. आर्म कोडमध्ये 'आर० मध्ये ० भर' ही इन्स्ट्रक्शन ई३ए००००० अशी असते. तिच्या पत्त्यावर दोन बाइटचा थंब ब्रेकपॉइंट घातला तर खालचा अर्धा शब्द बदलून ती ई३ए०डीई०१ होते. ही वैध आर्म इन्स्ट्रक्शन आहे, आणि तिचा अर्थ 'एसपी मध्ये १६ भर'. स्टॅक पॉइंटर १६! पुढचा पुश कुठे जाईल ते सांगायला नको. ही दोन उदाहरणे मॅन्युअलमध्ये जशीच्या तशी घातलीत तरी हरकत नाही, कारण कोणीही बोर्डाशिवाय, कागदावर बिट मांडून ती पडताळू शकतो.

तिसरा वापर 'जम्प' आज्ञेचा. सेटिंग फक्त डीबगरच्या समजुतीला लागू होते, प्रोसेसरला हात लावत नाही, असे वाक्य अनेक ठिकाणी लिहिलेले असते आणि ते बव्हंशी खरेही आहे. पण जम्प करताना किंवा डीबगरमधून फंक्शन बोलावताना जीडीबी पीसी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारे रजिस्टर) लिहितो आणि पाठोपाठ टी-बिटही आपल्या निर्णयानुसार लावतो किंवा काढतो. इथे समजूत प्रोसेसरमध्ये उतरते. कॉर्टेक्स-एमवर याचा फटका लगेच बसतो. तिथे टी-बिट एक्सपीएसआर रजिस्टरमध्ये २४ व्या क्रमांकावर असतो आणि तो ० झाला की पुढच्याच इन्स्ट्रक्शनला फॉल्ट येतो. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ वर कारण 'इन्व्हस्टेट' असे नोंदले जाते, एम० वर थेट हार्डफॉल्ट. आणि वरचा क्रम आठवा: फोर्स-मोडची तपासणी एम-प्रोफाइलच्या तपासणीच्या आधी होते. म्हणजे कॉर्टेक्स-एमवर फोर्स-मोड आर्म ठेवण्यापासून डीबगर कोणाला अडवत नाही. तुमच्या वापरणाऱ्यांत मायक्रोकंट्रोलरवाले असतील तर त्यांच्यासाठी एकच वाक्य पुरे: या सेटिंगला हात लावू नका.

चांगल्या नोंदीचा नमुना हवा असेल तर त्याच जीडीबी मॅन्युअलमधली मिप्स प्रोसेसरच्या 'कॉम्प्रेशन' सेटिंगची नोंद वाचा. मिप्समध्येही लहान इन्स्ट्रक्शनचे दोन प्रकार आहेत, मिप्स१६ आणि मायक्रोमिप्स, आणि कोणता धरायचा हे ही सेटिंग सांगते. ती नोंद मूल्ये सांगून थांबत नाही. एक्झिक्युटेबल फाइल जोडलेली नसेल किंवा तिच्यात माहिती नसेल तेव्हाच ही सेटिंग विचारात घेतली जाते; माहिती असेल तर फाइलच सेटिंग बदलते; फंक्शनवर खुणा असतील तर त्या या सेटिंगच्या वर; आणि एकदा बदललेले मूल्य पुढच्या सत्रालाही चिकटून राहते, हे सगळे तिथे आहे. मूळ मूल्य मिप्स१६ का, याचे कारणही दिले आहे: मिप्स१६ कोड असलेल्या फाइली स्वतःची तशी ओळख बऱ्याचदा देत नाहीत. शेजारच्या आर्मच्या नोंदींत एवढी काळजी नाही.

चिकटून राहण्याचा मुद्दा तुमच्याकडेही लागू आहे. आर्मच्या दोन्ही सेटिंग फाइल बदलली तरी तशाच राहतात. एका बूटलोडरसाठी लावलेला फोर्स-मोड तासाभराने उघडलेल्या दुसऱ्या फाइलला लागू होतो, आणि तोवर आपण तो लावला होता हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

एक्स८६ चे प्रकरण तुमच्या मॅन्युअलमध्ये येणार असेल तर ते वेगळ्या पानावर ठेवा, कारण तिथे ही कामगिरी 'सेट आर्किटेक्चर' करते आणि ती केवळ वाचन बदलत नाही, डीबगरने मानलेला संपूर्ण प्रोसेसरच बदलते. गरज तीच. बी८ ३४ १२ ८ई डी८ हे पाच बाइट १६ बिटांच्या रिअल मोडमध्ये दोन इन्स्ट्रक्शन होतात: एएक्स मध्ये १२३४ भर, मग एएक्स डीएस मध्ये टाक. ३२ बिटांत तेच पाच बाइट एकच इन्स्ट्रक्शन: ईएएक्स मध्ये डी८८ई१२३४ भर. बूट सेक्टर शिकणारा प्रत्येक विद्यार्थी क्यूईएमयू या एम्युलेटरला जीडीबी जोडून इथे अडखळतो. त्याला 'आर्किटेक्चर आय८०८६ करा' एवढे सांगणे अर्धवट आहे. त्याने वाचन १६ बिटांचे होते, पण जीडीबी पीसीमध्ये सीएस या सेगमेंट रजिस्टरचा हिस्सा मिळवत नाही. बूट सेक्टर ७सी०० वर येतो, सीएस सहसा ० असतो, म्हणून तिथे योगायोगाने जमून जाते. बायोसच्या एफ००० सेगमेंटमध्ये शिरलात की पीसीवरची इन्स्ट्रक्शन म्हणून भलतीच जागा दिसते. तिथे सीएस गुणिले १६ अधिक आयपी (सेगमेंटमधला पत्ता) असा पत्ता हाताने द्यावा लागतो. शिवाय क्यूईएमयू जोडणीच्या वेळी स्वतःचे टार्गेट-वर्णन पाठवते, त्यामुळे हाताने दिलेले आर्किटेक्चर टिकले की नाही हे 'शो आर्किटेक्चर' करून बघायला सांगा.

आरआयएससी-व्ही वर दोन ओळी पुरतात. तिथे मोड नाहीच. इन्स्ट्रक्शनचे खालचे दोन बिट ११ नसतील तर ती १६ बिटांची, इतके सोपे. डीबगरला फक्त ब्रेकपॉइंट दोन बाइटचा घालायचा की चार, हे ठरवायचे असते आणि त्यासाठीची सेटिंग ऑटो असताना तो तिथली इन्स्ट्रक्शन वाचून ठरवतो. इथे 'ऑटो' खरोखर कोड बघतो, आर्ममध्ये बघत नाही. दोन्ही प्रोसेसर तुमच्या मॅन्युअलमध्ये असतील तर हा फरक ठळक करा. एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरला आहे.

आता नोंद कशी दिसावी. फोर्स-मोडसाठी मी साधारण असे लिहीन:

'पत्ता आर्म म्हणून वाचायचा की थंब म्हणून, हे डीबगरवर न सोडता स्वतः ठरवण्यासाठी. मूळ मूल्य ऑटो. आर्म किंवा थंब दिल्यास सिम्बॉल टेबल, फॉलबॅक-मोड आणि प्रोसेसरचा टी-बिट यांपैकी काहीही पाहिले जात नाही. अपवाद: विषम पत्ता नेहमी थंब मानला जातो. परिणाम डिसअसेम्बली, ब्रेकपॉइंट, जम्प आणि डीबगरमधून बोलावलेली फंक्शन यांवर होतो. मूल्य पुन्हा ऑटो करेपर्यंत किंवा डीबगर बंद करेपर्यंत प्रत्येक फाइलला लागू राहते. सिम्बॉल चुकीचे आहेत अशी खात्री असेल तेव्हाच वापरा. सिम्बॉल नसतील तर फॉलबॅक-मोड पाहा. कॉर्टेक्स-एमवर वापरू नका.'

एवढेच. निर्णयाचा क्रम, लक्षणे आणि ब्रेकपॉइंटची दोन उदाहरणे एका स्वतंत्र पानावर, आणि दोन्ही नोंदींतून त्या पानाकडे दुवा. तोच मजकूर दोन्ही नोंदींत पुन्हा पुन्हा लिहू नका. सहा महिन्यांत एक बदलेल आणि दुसरा राहून जाईल.

वरिष्ठांना दोन ओळी हव्याच असतील तर त्या डीबगरच्या आतल्या 'हेल्प'साठी ठेवा, तिथे त्या शोभतात. जीडीबीमध्ये प्रत्येक सेटिंगला सेट, शो आणि सविस्तर अशी तीन वर्णने द्यावी लागतात, आणि यादीत किंवा 'अ‍ॅप्रोपॉस' शोधात फक्त पहिली ओळ दिसते. म्हणून ती पहिली ओळ स्वतंत्रपणे कळणारी हवी आणि पूर्णविरामाने संपायला हवी. हे जीडीबीच्या स्वतःच्या चाचण्याही तपासतात. 'शो' चे उत्तरही मॅन्युअलइतकेच वाचले जाते. जीडीबी फोर्स-मोडच्या उत्तरात 'सिम्बॉल असले तरीही' आणि फॉलबॅकच्या उत्तरात 'सिम्बॉल नसतील तेव्हा' असे कंसात सांगतो. कोणी लिहिले असेल त्याला दाद द्यायला हवी, दोन सेटिंगमधला सगळा फरक त्या दोन कंसांत आला आहे. तुमच्या डीबगरने हे संदेश छोटे करण्याच्या नादात कंस काढून टाकले असतील तर आधी ते परत आणायला सांगा.

एक गोष्ट मात्र सोर्स वाचून भागणार नाही, कारण तुमच्या डीबगरमध्ये कंपनीने बदल केलेले असू शकतात: आधीच ठेवलेल्या ब्रेकपॉइंटचे सेटिंग बदलल्यावर काय होते, ते पुढच्या वेळी घातले जाताना नव्या मोडने घातले जातात की जुन्या. हे बोर्डावर करून बघा. ब्रेकपॉइंट ठेवा, मोड बदला, प्रोग्राम पुढे सोडा, आणि दुसऱ्या प्रोबने किंवा प्रोग्रामनेच स्वतःची मेमरी छापून त्या पत्त्यावर दोन बाइट बदलले की चार, ते मोजा. त्याच डीबगरमधून मेमरी वाचून उपयोग नाही. तो स्वतःचे ब्रेकपॉइंट लपवून मूळ बाइट दाखवतो. जे उत्तर येईल ते आवृत्तीच्या क्रमांकासह नोंदीत घाला. आणि तुमच्या टीमच्या सामाईक जीडीबीइनिट फाइलमध्ये (जीडीबी सुरू होताच वाचतो त्या आज्ञांच्या फाइलमध्ये) कोणी फोर्स-मोड कायमचा लिहून ठेवला आहे का, ते आजच शोधा. मॅन्युअल पूर्ण व्हायच्या आधीच काही तक्रारी तिथे मिटतील.